जॉर्ज सायमन ओहम : धातूंची वाहकता मापात बसवणारे शिक्षक

विद्युत रोधाचे एकक म्हणून ज्यांचे नाव आज जगभरातील प्रयोगशाळांत, कारखान्यांत आणि शालेय पाठ्यपुस्तकांत घेतले जाते, ते जर्मन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम आयुष्याचा बराच काळ शाळेत गणित शिकवत होते. तांबे, पितळ, लोखंड, शिसे अशा नित्याच्या वापरातील धातूंमधून वीज सारख्याच सहजतेने वाहत नाही, ही गोष्ट त्यांच्या आधीही ज्ञात होती. परंतु हा फरक नेमका किती, तो कशावर अवलंबून असतो आणि त्यामागे एखादा नियम आहे काय, या प्रश्नांचे समाधानकारक उत्तर कोणी प्रसिद्ध केलेले नव्हते. ओहम यांनी ते शोधून काढले. मात्र या शोधाला मान्यता मिळेपर्यंत त्यांना हातची नोकरी सोडावी लागली आणि उमेदीची अनेक वर्षे अस्थिरतेत काढावी लागली.

कारागिराचे घर

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या बव्हेरिया प्रांतातील एर्लांगन या गावी झाला. त्यांचे वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपे तयार करणारे कारागीर होते, तर आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची मुलगी होती. या दांपत्याच्या सात अपत्यांपैकी जॉर्ज, धाकटा मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बरा अशी तीनच अपत्ये जगली. जॉर्ज दहा वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले.

वडिलांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. तरीही त्यांनी स्वतःच्या प्रयत्नांनी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांचा अभ्यास केला होता. दिवसभर हातोडा आणि कानस चालवणारा हा कारागीर आपल्या दोन्ही मुलांना हे विषय घरीच शिकवीत असे. एर्लांगन विद्यापीठातील प्राध्यापक कार्ल क्रिस्टियन फॉन लांग्सडॉर्फ यांनी या मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा ते इतके प्रभावित झाले की त्यांनी या घराची तुलना थोर गणितज्ञांच्या बर्नुली घराण्याशी केली. पुढे मार्टिन ओहम हेही गणितज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले.

वडिलांच्या कामामुळे धातूशी झालेली ओळख ओहम यांना आयुष्यभर उपयोगी पडली. तारा तयार करणे, सांधे जुळवणे आणि मोजमापाची नाजूक उपकरणे स्वतः घडवणे ही कामे त्यांना उत्तम साधत असत. गणिताची जाण आणि कारागिराचा हात यांचा असा मेळ त्या काळातील विद्वानांत विरळाच होता.

शिक्षकी पेशातील वाटचाल

१८०५ मध्ये ओहम यांनी एर्लांगन विद्यापीठात प्रवेश घेतला. मात्र तेथे अभ्यासापेक्षा नृत्य, बर्फावरील घसरपट्टी आणि बिलियर्ड्स यांतच त्यांचा अधिक वेळ जाऊ लागला. आपल्याला न मिळालेली संधी मुलगा वाया घालवीत आहे, हे पाहून वडील संतप्त झाले. दीड वर्षातच जॉर्ज यांना विद्यापीठ सोडावे लागले आणि १८०६ मध्ये त्यांना स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून जावे लागले.

स्वित्झर्लंडमधील पाच वर्षांत त्यांनी ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ या गणितज्ञांच्या ग्रंथांचे स्वतःहून अध्ययन केले. १८११ मध्ये ते एर्लांगनला परतले आणि त्याच वर्षी त्यांना विद्यापीठाची डॉक्टरेट पदवी प्राप्त झाली. विद्यापीठात व्याख्याता म्हणून काम करण्याची संधीही मिळाली. परंतु तेथील उत्पन्नावर उदरनिर्वाह होणे कठीण होते. अखेर १८१३ मध्ये त्यांनी बांबर्ग येथील एका सामान्य शाळेतील नोकरी स्वीकारली. ही शाळा १८१६ मध्ये बंद पडली.

या काळात त्यांनी भूमितीच्या अध्यापनावर एक पुस्तक लिहिले आणि त्याची प्रत प्रशियाचे राजे तिसरे फ्रेडरिक विल्यम यांना पाठवली. पुस्तकाची अनुकूल दखल घेण्यात आली. १८१७ मध्ये ओहम यांची कोलोन येथील नामांकित जेझुइट शाळेत गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून नियुक्ती झाली. पुढे थोर गणितज्ञ म्हणून नावाजलेले पीटर गुस्टाफ लेज्यून डिरिक्ले हे याच शाळेतील त्यांचे विद्यार्थी होते. शाळेत भौतिकशास्त्राची सुसज्ज प्रयोगशाळा होती. वर्ग संपल्यानंतरचा वेळ ओहम तेथे घालवू लागले.

एक अनुत्तरित प्रश्न

काही पदार्थ उष्णता आणि वीज सहज वाहून नेतात, तर काही त्यांना अडवतात, याचा अनुभव रोजच्या व्यवहारात सर्वांनाच येतो. चुलीवरील भांड्यातली लोखंडी पळी काही वेळातच हाताला चटका देते, मात्र लाकडी मूठ धरता येते. इंग्लंडमधील स्टीफन ग्रे यांनी १७२९ मध्ये असा भेद विजेच्या बाबतीतही असल्याचे दाखवून दिले होते. सुताच्या दोरीतून वीज दूरवर जाते. मात्र ती दोरी रेशमी धाग्यांना टांगली, तर वीज त्या धाग्यांतून निसटत नाही, असे त्यांना आढळले होते. पदार्थांची सुवाहक आणि दुर्वाहक अशी विभागणी तेव्हापासून रूढ होत गेली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच वैद्य यान इंगेनहाऊस यांनी वेगवेगळ्या धातूंच्या सारख्या आकाराच्या सळयांवर मेणाचा थर दिला आणि त्यांची टोके तापवली. ज्या सळईवरील मेण अधिक दूरपर्यंत वितळले, ती उष्णतेची अधिक चांगली वाहक, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यामुळे उष्णतावाहकतेच्या दृष्टीने धातूंची क्रमवारी लावणे शक्य झाले.

विजेच्या बाबतीत ही तुलना अधिक अवघड होती. १८०० मध्ये इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी विद्युतघट तयार केल्यामुळे सलग विद्युतधारा उपलब्ध झाली. १८२० मध्ये डेन्मार्कमधील हान्स क्रिस्टियन ऑर्स्टेड यांनी विद्युतधारेमुळे शेजारची चुंबकसूची हलते, हे दाखवले आणि धारा मोजण्याचे साधन हाती आले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी तारेची लांबी, जाडी आणि तापमान यांचा वाहकतेवर परिणाम होत असल्याचे प्रयोगाने सिद्ध केले. तरीही या सर्व निरीक्षणांना एका सूत्रात बांधणारा नियम सापडलेला नव्हता. ओहम यांनी याच प्रश्नाला हात घातला.

आठ तारांचा प्रयोग

ओहम यांच्या पहिल्या प्रयत्नाला पूर्ण यश आले नाही. व्होल्टाच्या विद्युतघटाला निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी चुंबकसूचीवरील परिणाम मोजला. तार लांबवत गेल्यास हा परिणाम कोणत्या प्रमाणात घटतो, याचे एक सूत्र त्यांनी १८२५ मध्ये प्रसिद्ध केले. हे सूत्र लॉगॅरिथमवर आधारित होते. परंतु त्या काळच्या घटाची शक्ती प्रयोग सुरू असतानाच कमी-अधिक होत असे. परिणामी, तारेमुळे झालेली घट आणि घटातील अस्थिरतेमुळे झालेली घट यांची सरमिसळ होत होती. आपले सूत्र सदोष असल्याचे ओहम यांच्या लवकरच लक्षात आले.

या अडचणीवर विज्ञानविषयक नियतकालिकाचे संपादक योहान पोगेनडॉर्फ यांनी उपाय सुचवला. थॉमस झेबेक यांनी १८२१ मध्ये लावलेल्या शोधानुसार, दोन भिन्न धातू जोडून त्यांच्या एका सांध्याला उष्ण व दुसऱ्याला थंड ठेवले असता विद्युतधारा निर्माण होते. तापमानातील फरक कायम ठेवला, तर ही धाराही स्थिर राहते. ओहम यांनी बिस्मथच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा उकळत्या पाण्याच्या साहाय्याने तापवण्यात आला, तर दुसरा बर्फात ठेवण्यात आला. पाणी उकळत असेपर्यंत आणि बर्फ वितळत असेपर्यंत तापमानातील अंतर बदलण्याचे कारण नव्हते. अशा रीतीने उष्णतेच्या साहाय्याने विजेचा एक भरवशाचा उगम त्यांना मिळाला.

यानंतर त्यांनी सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांची लांबी अनुक्रमे २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच होती. प्रत्येक तार पाळीपाळीने जोडून, वरून टांगलेल्या चुंबकसूचीला पूर्वस्थितीत आणण्यासाठी किती पीळ द्यावा लागतो, याची त्यांनी नोंद केली. १८२६ च्या आरंभी त्यांनी हे प्रयोग वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा केले.

या नोंदींतून मिळालेले सूत्र अतिशय साधे होते. एका स्थिर संख्येला तारेची लांबी आणि दुसरी एक स्थिर संख्या यांच्या बेरजेने भागले असता विद्युतधारेचे मूल्य मिळत होते. पहिली स्थिर संख्या सांध्यांच्या तापमानातील फरकाबरोबर बदलत असे. दुसरी मात्र तापमानातील फरक कमी केल्यावरही जवळजवळ तशीच राहत असे. पहिली संख्या वीज पुढे ढकलणारी प्रेरणा दर्शवते, तर दुसरी परिपथाच्या उर्वरित भागाचा रोध दर्शवते, असा या सूत्राचा अर्थ होता. प्रेरणा वाढली की धारा त्याच प्रमाणात वाढते आणि एकूण रोध वाढला की त्याच प्रमाणात घटते. हाच पुढे ओहमचा नियम म्हणून ओळखला जाऊ लागला.

धातूंची क्रमवारी

ओहम यांच्या संशोधनाचा दुसरा भाग निरनिराळ्या धातूंच्या तुलनेचा होता. सारख्या जाडीच्या, परंतु वेगवेगळ्या धातूंच्या तारा घेऊन, किती लांबीच्या तारेमुळे चुंबकसूचीवर सारखाच परिणाम होतो, हे त्यांनी तपासले. जो धातू अधिक चांगला वाहक, त्याची तितकीच अधिक लांब तार वापरूनही परिणाम तोच राहतो, असे या पद्धतीमागील तत्त्व होते.

तांब्याची वाहकता १००० मानल्यास त्यांच्या मोजणीनुसार सोन्याची वाहकता ५७४, चांदीची ३५६, जस्ताची ३३३, पितळेची २८०, लोखंडाची १७४, प्लॅटिनमची १७१, कथलाची १६८ आणि शिशाची ९७ होती. यांतील लोखंडाचा आकडा आजच्या मोजमापाशी आश्चर्यकारकरीत्या जुळतो. चांदीच्या बाबतीत मात्र हे मोजमाप चुकीचे ठरले. सर्वसामान्य तापमानाला चांदी हा विजेचा सर्वांत चांगला वाहक धातू असून तिची वाहकता तांब्यापेक्षा सुमारे पाच ते सहा टक्क्यांनी अधिक असल्याचे पुढे निश्चित झाले. असे असले तरी वाहकता ही प्रत्येक धातूची स्वतःची मोजता येणारी राशी आहे, हा विचार या तुलनेमुळे दृढ झाला.

तारेची लांबी दुप्पट केली, तर रोध दुप्पट होतो. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले, तर रोध निम्मा होतो. उरलेला भाग केवळ पदार्थावर अवलंबून असतो. ही तीन विधाने आज प्राथमिक वाटत असली, तरी कोणत्या कामासाठी कोणता धातू, किती जाड आणि किती लांब वापरावा, हे आधीच गणिताने सांगण्याची सोय त्यांच्यामुळेच झाली.

उष्णतेवरून विजेकडे

प्रयोगातून मिळालेल्या नियमामागील कारणाचा शोध घेण्यासाठी ओहम यांना कोलोनमधील अध्यापनातून मोकळीक हवी होती. १८२६ मध्ये त्यांना अर्ध्या वेतनावर एका वर्षाची रजा मंजूर करण्यात आली. या काळात ते बर्लिन येथे वास्तव्यास गेले. त्यांचे धाकटे बंधू मार्टिनही तेथेच होते.

फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उष्णतावहनाचा गणिती सिद्धांत मांडला होता. घन पदार्थाच्या दोन भागांच्या तापमानात फरक असेल, तर त्या फरकाच्या प्रमाणात उष्णता एका भागाकडून दुसऱ्याकडे वाहते, असे त्याचे सार होते. ओहम यांनी हीच विचारसरणी विजेला लागू केली. तापमानातील फरकाच्या जागी त्यांनी विद्युत ताणातील फरक ठेवला आणि उष्णतेच्या प्रवाहाच्या जागी विद्युतधारा ठेवली. तापलेल्या सळईत उष्णता जशी कणाकडून कणाकडे सरकते, तशीच तारेतून वीजही सरकत असावी, असे त्यांनी मानले. १८२७ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झालेल्या विद्युत परिपथाच्या गणिती विवेचनाच्या ग्रंथात हा सिद्धांत त्यांनी विस्ताराने मांडला.

उपेक्षेचा काळ

या ग्रंथाच्या बळावर एखाद्या विद्यापीठात प्राध्यापकपद मिळेल, अशी ओहम यांची अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. त्या काळी जर्मनीतील अनेक भौतिकशास्त्रज्ञांना अशा गणिती मांडणीची सवय नव्हती. ज्यांना गणित समजत होते, त्यांना ग्रंथात प्रयोगांचा भाग फारसा आढळला नाही, कारण प्रयोगांची माहिती आधीच्या लेखांत विखुरलेली होती. त्याचप्रमाणे, निसर्गाचे ज्ञान शुद्ध विचारातून व्हावे, असे मानणाऱ्या तत्त्वज्ञानाचा बर्लिनच्या विद्वत्‌वर्तुळात मोठा प्रभाव होता. गेओर्ग फ्रीडरिश पोल यांनी ग्रंथावर अत्यंत कठोर टीका केली.

अपेक्षित पद मिळत नसल्याचे पाहून ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडे स्थिर नोकरी उरली नव्हती. पुढील सुमारे पाच वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये तात्पुरत्या शिकवण्यांवर गुजराण केली. त्यांनी विवाह केला नाही.

तथापि, त्यांच्या कार्याकडे सर्वांनीच दुर्लक्ष केले होते, असे म्हणता येणार नाही. लाइपझिग येथील गुस्टाफ फेश्नर यांनी विस्तृत प्रयोगमालिका हाती घेऊन १८३१ मध्ये ओहम यांच्या नियमाला दुजोरा दिला. १८३३ मध्ये ओहम यांची न्यूरेंबर्ग येथील तंत्रशाळेत प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली आणि १८३९ मध्ये ते तेथील प्रमुख झाले. या पदामुळे आर्थिक विवंचना दूर झाली. विद्यापीठात अध्यापन करण्याची इच्छा मात्र अपूर्णच राहिली.

उशिरा आलेला सन्मान

ओहम यांच्या कार्याचा मोठा गौरव प्रथम परदेशात झाला. फ्रान्समधील क्लोद पुइये यांनी स्वतंत्र प्रयोगांतून तशाच स्वरूपाचे निष्कर्ष काढल्यामुळे या विषयाची चर्चा वाढली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये ओहम यांना कॉपली पदक प्रदान केले. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध झाला आणि पुढील वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सदस्यत्व दिले. १८४३ मध्ये चार्ल्स व्हीट्स्टन यांनी रोध मोजण्याच्या पद्धतींचे विवेचन करताना ओहम यांच्या सिद्धांताचे महत्त्व ठळकपणे मांडले. तारयंत्राच्या उभारणीत गुंतलेल्या अभियंत्यांना या नियमाची उपयुक्तता पटण्यास वेळ लागला नाही.

१८४५ मध्ये गुस्टाफ किर्खहोफ यांनी ओहम यांच्या नियमाचा आधार घेऊन अनेक शाखा असलेल्या परिपथांची गणिते सोडवण्याचे नियम मांडले. दरम्यान, ओहम ध्वनिशास्त्राकडे वळले होते. संमिश्र ध्वनीतील वेगवेगळे साधे स्वर कानाला कसे ओळखता येतात, याविषयीचा त्यांचा सिद्धांत १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी त्याचा विस्तार केला.

१८४९ मध्ये ओहम म्युनिक येथे बव्हेरियन विज्ञान अकादमीच्या भौतिकशास्त्र संग्रहाचे काम पाहण्यासाठी गेले आणि तेथील विद्यापीठातही शिकवू लागले. १८५२ मध्ये त्यांना म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद देण्यात आले. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून पंचवीस वर्षांनी ही इच्छा पूर्ण झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

निधनाच्या आदल्याच वर्षी उष्णता आणि वीज यांच्या वहनातील साम्याचा एक महत्त्वाचा पुरावा पुढे आला होता. गुस्टाफ वीडमान आणि रुडॉल्फ फ्रांझ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५३ मध्ये विविध धातूंची उष्णतावाहकता व विद्युतवाहकता यांची तुलना केली. एकाच तापमानाला या दोन राशींचे गुणोत्तर बहुतेक धातूंसाठी जवळजवळ सारखेच असते, असे त्यांना आढळले. जो धातू विजेचा उत्तम वाहक, तोच उष्णतेचाही उत्तम वाहक असतो, याला आता आकड्यांचा आधार मिळाला. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन हेच दोन्हींचे प्रमुख वाहक असल्याचे कारण विसाव्या शतकात स्पष्ट झाले.

हे साम्य सर्व पदार्थांना लागू होत नाही. हिरा विजेचा दुर्वाहक असूनही तांब्यापेक्षा कितीतरी चांगल्या प्रकारे उष्णता वाहून नेतो, कारण त्यात उष्णतेचे वहन इलेक्ट्रॉनांऐवजी अणूंच्या कंपनांमुळे होते.

नावाचे एकक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तारयंत्राचे जाळे खंडोखंडी पसरू लागले. भारतात विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली १८५१ मध्ये कोलकात्याहून डायमंड हार्बरकडे उभारण्यात आलेल्या मार्गासाठी तारेऐवजी लोखंडी सळया वापरण्यात आल्या होत्या. लोखंडाची वाहकता तांब्याच्या सुमारे एक षष्ठांश असली, तरी जाडी पुरेशी वाढवल्यास त्याचा रोध आटोक्यात ठेवता येतो, हे ओहम यांच्या नियमावरून स्पष्ट होते.

समुद्रतळावरून जाणाऱ्या तारांच्या बाबतीत अशी सवलत नव्हती. बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या नमुन्यांच्या वाहकतेत मोठी तफावत असल्याचे विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले. थोड्याशा अशुद्धीनेही तांब्याची वाहकता लक्षणीय घटते. अटलांटिक महासागराखालून १८५८ मध्ये टाकण्यात आलेली पहिली तार काही आठवड्यांतच निकामी झाली. त्यानंतर रोधाचे सर्वमान्य माप असण्याची निकड अधिकच जाणवू लागली.

ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये या कामासाठी समिती नेमली. अशा एककाला ओहम यांचे नाव देण्याची कल्पनाही याच सुमारास पुढे आली. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ओहम या एककाला मान्यता दिली. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा शून्य अंश सेल्सियस तापमानाला असणारा रोध हा त्याचा आधार मानण्यात आला. १८९३ मध्ये शिकागो येथील परिषदेत या स्तंभाची लांबी १०६.३ सेंटिमीटर ठरवण्यात आली. ओमेगा हे ग्रीक अक्षर त्याचे चिन्ह म्हणून रूढ झाले. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत ओहमची व्याख्या निसर्गातील मूलभूत स्थिरांकांच्या निश्चित मूल्यांवर आधारण्यात आली आहे.

दैनंदिन वापरातील नियम

ओहम यांनी मोजलेला फरक आज प्रत्येक घरात उपयोगात आणला जातो. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. तेवढ्याच ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध सुमारे ०.०२८ ओहम, लोखंडाच्या तारेचा सुमारे ०.१ ओहम, तर निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूच्या, म्हणजे नायक्रोमच्या तारेचा सुमारे १.१ ओहम भरतो. म्हणूनच घरातील वायरिंगसाठी तांबे वापरतात, तर इस्त्री आणि शेगडीत तापण्यासाठी नायक्रोमची तार बसवतात. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्यापेक्षा कमी असली, तरी वजन एक तृतीयांशाहून कमी असल्याने उंच मनोऱ्यांवरील वीजवाहिन्यांसाठी ते सोयीचे ठरते.

स्वयंपाकघरातील भांड्यांची निवडही याच गुणधर्मांवर आधारलेली असते. तांबे स्टेनलेस स्टीलच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट अधिक चांगल्या प्रकारे उष्णता वाहून नेते. स्टीलच्या भांड्याला तांब्याचा तळ दिल्यास आच सर्वत्र सारखी पसरते आणि पदार्थ एकाच जागी करपत नाही. कुकरच्या मुठीसाठी बेकलाईट, तर विजेच्या तारांवरील आवरणासाठी प्लास्टिक वापरण्यामागे उष्णता आणि वीज अडवण्याचाच हेतू असतो. कोरडे लाकूड वीज अडवते. मात्र ओलसर झाल्यास त्याचा रोध खूप कमी होतो. ओल्या हातांनी विजेच्या उपकरणांना स्पर्श करू नये, या सूचनेमागेही हेच कारण आहे. त्वचा ओली झाली की शरीराचा रोध घटतो आणि तेवढ्याच दाबाला अधिक धारा शरीरातून वाहते.

ओहमचा नियम सर्वच पदार्थांना लागू होत नाही. डायोडसारख्या अर्धवाहक उपकरणांत धारा आणि विभवांतर यांचे प्रमाण स्थिर नसते. तारेचे तापमान बदलले की तिचा रोधही बदलतो. १९११ मध्ये नेदरलँड्समधील हाइके कामरलिंग ओनेस यांनी अतिशय कमी तापमानाला पाऱ्याचा रोध पूर्णपणे नाहीसा होतो, असे दाखवून अतिवाहकतेचा शोध लावला. परंतु नियमाच्या या मर्यादा ओळखता आल्या, त्याही रोध ही मोजण्याजोगी राशी असल्याचे आधीच सिद्ध झाल्यामुळेच.

एर्लांगनमधील एका कारागिराच्या मुलाने आठ तारा, उकळते पाणी आणि बर्फ यांच्या साहाय्याने जे मोजमाप केले, त्यावर आज वीजनिर्मितीपासून दूरसंचारापर्यंतच्या अनेक क्षेत्रांतील गणिते उभी आहेत. हयातीत ज्या विद्यापीठांची दारे ओहम यांच्यासाठी दीर्घकाळ बंद राहिली, त्या आणि जगातील इतर सर्व विद्यापीठांत विजेचा अभ्यास त्यांच्या नियमापासून सुरू होतो. एकोणचाळिसाव्या वर्षी पद आणि स्थैर्य गमावूनही त्यांनी आपल्या नोंदींवरील विश्वास ढळू दिला नाही.